फक्कीचे घर

आमच्या चिंचवडच्या घरामागे, परसात, एका हिवाळ्यात आणखी एक घर होते. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, दाराला कडी लावायचा प्रश्नच नव्हता. आणि तरीही त्यात पाऊल टाकण्याआधी आई आम्हांला चपला बाहेर काढायला लावत असे. ते घर पांढऱ्या चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखलेले होते. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे दार, दाराच्या जागी फक्कीत सोडलेली एक फट. कोंबड्या त्याच्या भिंतींतून आरपार जात, शेवग्याची सावली सकाळी स्वयंपाकघरात आणि दुपारी पडवीत असे, पण माणसांनी मात्र दारातूनच ये-जा करायची असा दंडक होता. मी एकदा घाईत भिंतीवरून उडी मारली, तेव्हा आईने इतक्या काळजीने माझ्या कपाळाकडे पाहिले की माझा हात आपोआप टेंगूळ चाचपायला गेला.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, बांधकामाची कंत्राटे घेत; किंवा खरे सांगायचे तर त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच घेऊ पाहत होते. कामाला खर्च किती येईल हे आधी ताडल्याखेरीज कंत्राटाची मागणी करता येत नाही. शिकलेली माणसे हे ताडणे कागदावर करीत आणि त्याला अंदाजपत्रक म्हणत. अण्णांना कागदावरचे घर दिसत नसे. कागदावर माणसाला उभे राहता येत नाही, मग तिथे वीट किती लागेल हे त्याला कसे कळावे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. म्हणून ते खऱ्या मापाचे घर परसात आखत आणि त्यात हिंडत. भिंतीच्या कडेकडेने, एका पावलापुढे दुसरे पाऊल टाकत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्यांच्या फेऱ्या चालत. अमुक इतक्या विटा झाल्या की कोटाच्या उजव्या खिशात एक चिंचोका पडे. वाळूसाठी डावा खिसा होता, त्यात सागरगोटे. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे आणि सोन्यासारखे जपावे लागे, म्हणून त्याच्या गुंजा छातीवरच्या आतल्या खिशात, अगदी काळजापाशी. संध्याकाळी परतलेले अण्णा चालताना सुगीच्या शेंगेसारखे खुळखुळत. तो कोट म्हणजेच आमचे अंदाजपत्रक होते. तो धुवायचा नाही, झटकायचा नाही, खुंटीवर उलटा टांगायचा नाही. माझ्या धाकट्या भावाने त्यातले चिंचोके भाजून खाल्ले तेव्हा एका घराची मागची भिंत त्याच्या पोटात गेली आहे, असे अण्णांनी त्याला गंभीरपणे सांगितले होते, आणि तो रडत रात्रभर पोट दाबून निजला होता.

ते दिवस चिंचवडच्या अंगावर नवे कपडे चढत असल्यासारखे होते. नदीकाठच्या देवळाची घंटा आणि पहाटेच्या गाडीची शीळ हे आमचे जुने सूर. त्यांत आता चुना मळणाऱ्या घाण्याची करकर, खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातोड्यांचा टिपऱ्यांसारखा नाद आणि स्टेशनच्या पलीकडे उघडलेल्या सायकलच्या घंट्यांच्या कारखान्याची किणकिण मिसळली होती. तिथे तयार झालेली प्रत्येक घंटी एकदा वाजवून पाहत. वारा आमच्याकडे असला की वाटे, अदृश्य सायकलस्वारांची एक अखंड मिरवणूक आकाशातून चालली आहे आणि तिला कोणी वाट देत नाही. कामाला माणसे लांबून येत होती, कोकणातून, मराठवाड्यातून, आणि आल्यावर राहायचे कुठे हे कोणालाच ठाऊक नव्हते. घंट्यांच्या कारखान्याच्या शेठजींनी ठरवले की आपल्या कामगारांसाठी एका ओळीत बारा घरे बांधायची. ज्याला काम हवे असेल त्याने आपला नकाशा आणि साऱ्या कामाची मिळून एकच उक्ती रक्कम लाखेने बंद केलेल्या पाकिटात द्यावी. सगळ्यांची पाकिटे सगळ्यांसमोर एकाच वेळी उघडणार होती.

अण्णांना ते काम का हवे होते हे सांगायचे तर एका छत्रीची गोष्ट सांगावी लागेल. त्याआधी कितीतरी वर्षे अण्णा खडकीच्या एका बड्या कंत्राटदाराकडे मुकादम होते. त्या कंत्राटदारांना सारेजण रावसाहेब म्हणत. रावसाहेब गोरे, गोल आणि उन्हाला भिणारे. ते कामावर फेरी मारीत तेव्हा त्यांच्या डोक्यावर काळी छत्री धरून मागून चालायचे हे मुकादमाचे काम होते. एके दिवशी एक भिंत ओळंब्यात नाही, बाहेर झुकली आहे, असे अण्णा त्यांना तळमळून सांगत होते. रावसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सदा, छत्री जरा उजवीकडं घे." अण्णांनी छत्री मिटली, वाळूच्या ढिगावर आडवी ठेवली आणि ते घरी आले.  तव्यावरची भाकरी उलटून आईने ताट वाढले; भाकरी फुगली होती हे मला आठवते, कारण त्या शांततेत तिच्यातून वाफ निसटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला होता. रावसाहेब रागावले नाहीत, हे त्यातले सर्वांत वाईट. त्यांनी निरोप धाडला की छत्री कचेरीत खुंटीला लावून ठेवली आहे, सदाला वाटेल तेव्हा त्याने यावे. म्हणजे हे काम मिळाले तर अण्णा स्वतःच्या नावाचे कंत्राटदार, आणि न मिळाले तर संक्रांतीनंतर पुन्हा ती छत्री. घरात हे कोणी उच्चारले नाही, पण त्या दिवसांत बाहेर ऊन चढू लागले की अण्णांचा उजवा हात नकळत थोडासा वर जाई.

तर परसात घर उभे राहिले, किंवा आडवे पडले म्हणा. आखणी अण्णांची, पण फक्की सोडणारा हात आईचा. चिमटीतून पडणारी तिची रेघ सुतासारखी सरळ जाई. अण्णा दोरी ताणीत आणि ती पदर खोचून ओणव्याने मागे मागे सरकत जाई. घर पुरे झाले आणि आई त्यात राहायला गेली. मी हे गमतीने म्हणत नाही. अण्णांच्या फेऱ्या चालू असताना ती खरोखरच पाट घेऊन फक्कीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे, पावट्याच्या शेंगा सोली, मेथी निवडी आणि डोळे बारीक करून नसलेल्या भिंतींकडे पाही. इथे दिवा कुठे ठेवायचा? कोनाडा हवा. इथे ओली लुगडी वाळत घालायची तर खुंट्या कुठे? अण्णा कुरकुरत, पण एक सागरगोटा इकडून तिकडे होई. मग दूध घालायला येणारी तान्हुबाई त्या घराची दुसरी बाई झाली. तिचे घर आकुर्डीच्या वाटेवरच्या मळ्यात होते. ती उंच, सावळी, ठणठणीत आवाजाची, आणि आपल्याला नसलेल्या घराबद्दलही तिला ठाम मते होती. ती पडवीत चरवी ठेवी, उंबऱ्याच्या जागी पाय उचलून आत येई आणि म्हणे, "जातं कुटं रवायचं? न्हाई, आमाला सांगा, जातं काय उशाला घिऊन निजायचं व्हय?" अण्णांनी जात्यालाही जागा दिली.

माझा भाचा आता मोठमोठ्या इमारतींचे नकाशे करतो. मागच्या दिवाळीत त्याने मला संगणकाच्या पडद्यावर एक न बांधलेले घर दाखवले. त्यातून चालता येते, खिडकीतून बाहेर पाहता येते, संध्याकाळही करता येते. मी मान डोलावली. पण त्यात कुठेही मेथीचा वास नव्हता, आणि जात्याचे काय केले म्हणून त्याला दटावणारे कोणी नव्हते. मी त्याला फक्त एवढेच विचारले की मोरी कुठे आहे. तो हसला. त्याला वाटले, म्हातारीच्या तोंडी जुना शब्द आला. मोरी या विषयावरून आमचे घर एकदा बुडता बुडता वाचले होते, हे त्याला ठाऊक नाही.

अण्णांनी मोरी आखली होती ती मागच्या दाराजवळ, चुलीच्या शेजारी. तिथून मागच्या गटाराला पाणी सरळ जात होते. आईचे म्हणणे, चुलीशेजारी मोरी म्हणजे आंघोळीचे शिंतोडे आमटीत. तिला ती चुलीपासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात हवी होती. अण्णा म्हणाले, तो कोपरा शेजाऱ्याच्या भिंतीचा. आपल्या मोरीची ओल त्याच्या कोरड्या खोलीत उतरेल, त्याच्या धान्याच्या कणगीला बुरशी येईल, आणि तो रोज सकाळी आपल्या नावाने शंख करील. आई म्हणाली, शेजारी अजून जन्माला यायचाय, आमटी रोज आहे. अण्णा म्हणाले, बांधकामातले बायकांना काय कळते. ही दोन वाक्ये एकामागून एक आली नसती तर बरे झाले असते. आईने फक्कीची मोरी पायाने पुसून टाकली आणि ती पलीकडच्या कोपऱ्यात नवी मोरी काढायला वळली. अण्णांनी दोरी आपल्या कोपऱ्यापाशी धरून ठेवली. दोघांच्या मध्ये पांढरी धूळ तरंगत होती, आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकातून चाकणचा मामा हुरड्याचे पोते खांद्यावर घेऊन आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अंगाने दांडगा आणि आनंदाने बहिरा. त्याला त्या दोघांच्या चेहऱ्यांवर काहीच दिसले नाही. हुरडा भाजायला आगटी खणायची, जागा दाखवा, असा त्याने धोशा लावला. आईने पुसून टाकलेल्या कोपऱ्याकडे हात केला आणि अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तिथं खण. तिथं आता काही नाहीये." मामाने मोरीच्या जागी खड्डा खणला, गोवऱ्या रचल्या, आणि बघता बघता सारे परस कोवळ्या ज्वारीच्या गोडसर धुराने भरून गेले. गरम कणसे तळहातांवर चोळताना लागणारा चटका, फुंकर मारताच उडणारा हिरवा कोंडा, तिळाची चटणी, गुळाचा खडा. आम्ही मुलांनी त्या न बांधलेल्या घरात बसून पोट फुटेस्तोवर हुरडा खाल्ला. आई आणि अण्णा दोन वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांकडे पाठ करून खात होते. मध्ये भिंत असल्यामुळे त्यांना एकमेकांची पाठही दिसत नव्हती.

त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. आमच्या घरचा अबोला फार बोलका असे. फक्त ते सारे बोलणे माझ्यामार्फत चाले. मंदा, तुझ्या वडिलांना सांग पाणी तापलंय. मंदा, तुझ्या आईला सांग पाणी नकोय, चहा हवाय. दोघे एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसून मला निरोप देत, आणि मी पोहोचवीपर्यंत उत्तर तयार असे. एकाच विषयावर मात्र निरोप निघत नव्हता. आईने मनाशी धरले होते की हट्टी माणूस, कागदावर आपल्याच जागी मोरी काढणार. अण्णांनी धरले होते की ती आपण होऊन विषय काढीपर्यंत आपण काढायचा नाही. रोजच्या फेरीत ते त्या कोपऱ्याशी येत, आगटीच्या राखेला वळसा घालीत आणि पुढे चालू लागत. खिशात काही पडत नसे.

पुढे तो कोट चादरीवर रिकामा झाला. चिंचोके, सागरगोटे, गुंजा यांच्या राशी झाल्या, मोजल्या गेल्या आणि पुन्हा आपापल्या खिशांत गेल्या. एका घराला बाराने गुणून रक्कम निघाली. नकाशाही अण्णांनी परसातल्या घरावरूनच कागदावर उतरवला, शाईत, एकाला एक लागून बारा वेळा तेच घर. ते आपल्या कामावर खूश होते. मागच्या गटाराचे काम तर त्यांनी डोळ्यांत तेल घालून धरले होते. प्रत्येक घरातून निघणारा भाजक्या मातीचा नळ, त्याचा उतार, त्याचे सांधे, सारे चोख. बारा घरांतले पाणी वाहून नेण्याची व्यवस्था त्या नकाशात इतकी सुरेख होती की ते पाणी घरात सांडायचे कुठे, हे त्यांच्या लक्षातच आले नाही.

पाकिटे उघडायच्या दिवशी नकाशाची सुरळी धरायला अण्णांनी मला बरोबर नेले. शेठजींची कचेरी कारखान्यातच होती, आणि भिंतीपलीकडे घंट्या वाजवून पाहण्याचे काम अखंड चालू होते, त्यामुळे तिथे कोणतेही गंभीर बोलणे किणकिणाटात होई. शेठजी बारीक अंगाचे, मिस्कील डोळ्यांचे. त्यांच्या शेजारी पुण्याहून मुद्दाम बोलावलेले ओव्हरसियर, चष्मा कपाळावर. समोर खुर्च्यांवर कंत्राटदार, आणि सर्वांत रुंद खुर्चीत रावसाहेब. त्यांनी अण्णांकडे पाहून मायेने मान हलवली. एकेका पाकिटाची लाख फुटत गेली, रक्कम वाचली गेली. सगळ्या रकमा एकमेकींच्या आसपास, सख्ख्या बहिणींसारख्या. मग अण्णांचे पाकीट उघडले, आणि वाचणारा कारकून अडखळला. त्याने पुन्हा वाचली. ती रक्कम सर्वांत कमी होती. नुसती कमी नव्हे, इतकी कमी की बाकीच्यांच्या ओळीत ती लांबच्या नात्यातलीही वाटली नसती.

मला वाटले, आपण जिंकलो. मी अण्णांकडे वळले तर त्यांचा चेहरा फक्कीसारखा पांढरा झाला होता. त्या धंद्यात पाचदहा रुपयांनी खाली असणे ही हुशारी; पण एवढे खाली असणे याचा अर्थ एकच, की माणूस काहीतरी धरायला विसरला आहे. तो अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला होता. काय विसरले आहे, हे मात्र कोणालाच कळत नव्हते. ओव्हरसियरनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि नकाशावर बोट फिरवले. पाया धरलाय? धरलाय. कौले? धरली आहेत. गटार? ते तर नजर लागण्यासारखे. कोनाडे, खुंट्या, जात्याची जागा सुद्धा. शेठजींनी वाकून पाहिले, कारकुनाने पाहिले, मान वाकडी करून रावसाहेबांनीही पाहिले. चार कर्त्या पुरुषांनी तो नकाशा उलटासुलटा केला आणि कोणाला काही कमी दिसले नाही. आज आठवले की वाटते, त्यांतला प्रत्येकजण त्या सकाळी कोणीतरी तापवून दिलेल्या पाण्याने आंघोळ करून आला असणार, आणि ते पाणी पुढे कुठे गेले हा प्रश्न त्यांपैकी एकालाही जन्मात कधी पडला नसणार.

"सदा," रावसाहेब उठताना हळूच म्हणाले, "काय विसरलास रे?"

"काही नाही, रावसाहेब."

"नसशील. पण घरी जाऊन बघ. आणि छत्री आहेच."

शेठजींनी सांगितले की उद्या सकाळी येऊन सही करा. माघार घेतली असती तर त्या साऱ्या पट्ट्यात अण्णांचे पाकीट पुन्हा कोणी उघडले नसते. आणि काय विसरले हे न कळता सही केली असती तर ते काम अण्णांना विटांसकट गिळून बसले असते. परतताना रेल्वेच्या रुळांकडेने आम्ही चाललो. मागे घंट्या वाजत होत्या, आणि मला पहिल्यांदाच त्या कोणाला तरी बाजूला हो म्हणून सांगत असल्यासारख्या वाटल्या.

घरी येताच अण्णा तडक परसात गेले. ऊन कलले होते. फक्कीचे घर एव्हाना फिकट झाले होते, पडवी कोंबड्यांनी उकरली होती. अण्णांनी पडवीपासून सुरुवात केली. पाया, उंबरा, चौकट, कोनाडा, खुंटी, चूल, मागचे दार. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून ते हाताने ती हवेत चाचपत. राखेपाशी आले, वळसा घातला, पुढे गेले. दोनदा फिरले, तीनदा फिरले. आई आमच्या खऱ्या घराच्या मागच्या दारात उभी राहून पाहत होती. तिने मला विचारले, "तुझ्या वडिलांना विचार, काय हरवलंय." मी विचारले. अण्णा म्हणाले, "आईला सांग, तेच कळत नाहीये." त्यांच्या आवाजात असे काही होते की आई उंबऱ्यावरून खाली उतरली.

तेवढ्यात चरवी घेऊन तान्हुबाई आली. नेहमीप्रमाणे तिने ती पडवीत ठेवली, पाय उचलून आत आली, आणि दिवसभर मळ्यात राबलेल्या बाईसारखी हात लांबवून मध्यभागी उभी राहिली. आम्हां सगळ्यांची तोंडे बघून तिला वाटले, कोणी गेले की काय. अण्णांनी तिला सांगितले की या घरात काहीतरी राहून गेले आहे. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, राखेच्या खड्ड्यापाशी जाऊन आत डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घर झ्याक हाय, मुकादम. पर मी आंगूळ कुटं करू? ह्या चुलवानात?"

 एक कोंबडी भिंतीतून आत आली आणि भिंतीतून बाहेर गेली. अण्णांनी आईकडे पाहिले, आईने अण्णांकडे. दोघांच्या चेहऱ्यांवर एकच गोष्ट एकाच वेळी उमटली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या वडिलांना विचार, मोरी धरली नाही?" मी तोंड उघडण्याआधी अण्णा म्हणाले, "आईला विचार, पुसली कोणी?" आणि मग, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, निरोप्याला बाजूला सारून ते थेट म्हणाले, "बारा घरं. बारा मोऱ्या. फरशी, कट्टा, गिलावा. मी बुडालो गं."

 आईने फक्कीचे घमेले उचलले. मला वाटले, ती आता आपल्या कोपऱ्यात मोरी काढून आपलेच खरे करणार. तिने तशी ती काढलीही, पलीकडच्या कोपऱ्यात, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. पण ती तिथे थांबली नाही. भिंत ओलांडून ती पलीकडच्या मोकळ्या जमिनीवर गेली आणि ओणवी होऊन मागे सरकू लागली. आई रांगोळी काढताना नेहमी अर्धी बाजू आधी पुरी करी आणि मग दुसरी अर्धी तिच्यासमोर आरशासारखी उलटी उमटवी. मोराला मोर सामोरा, पानाला पान सामोरे. तशीच तिने त्या घराला त्याच्यासमोर उलटे दुसरे घर जोडले. दार तिकडच्या टोकाला, चूल तिकडच्या टोकाला; आणि मोरी तिच्याच मोरीच्या पाठीला पाठ लावून, मधल्या एकाच भिंतीच्या दोन अंगांना. अण्णांनी एक घर आखून त्याला बाराने गुणले होते. परसात त्या घराला शेजारी असा नव्हताच.

"ओल जाईना का शेजाऱ्याकडं," आई कंबर सरळ करीत म्हणाली. "त्याचीही तिथं मोरीच आहे."

अण्णा त्या मधल्या भिंतीवर एक पाय इकडे, एक तिकडे टाकून उभे राहिले. त्यांचे ओठ हलू लागले. दोन मोऱ्यांना एक नळ. बाराच्या ठिकाणी सहा नळ, सहा उतार, सांधे निम्मे. त्यांनी कोट मागवला. डाव्या-उजव्या खिशांतून मुठीमुठीने बिया बाहेर आल्या, तान्हुबाईच्या ओच्यात जमा झाल्या, पुन्हा निवडून आत गेल्या. वाचलेल्या नळांतून मोऱ्यांची फरशी जेमतेम निघत होती. नफा म्हणून अण्णांच्या तळहातावर दोनतीन गुंजा तेवढ्या उरल्या. त्यांनी त्या बराच वेळ निरखल्या आणि आतल्या खिशात ठेवल्या. तान्हुबाईने ओचा झटकला आणि नव्या घराकडे बोट दाखवून विचारले की हे तरी आपले समजायचे का.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शेठजींपुढे नवा नकाशा उलगडला. ओव्हरसियर तिथेच होते. नकाशा कालचा नाही, उलटसुलट घरे कशाला, असे त्यांनी हटकलेच. अण्णांनी सांगितले, "काल घरात मोरी नव्हती, साहेब. आज आहे. रक्कम तीच." शेठजींनी आधी अण्णांकडे, मग ओव्हरसियरकडे, मग कालचा कागद मागवून त्याच्याकडे पाहिले, आणि ते असे हसले की पलीकडच्या घंट्या थांबल्या. चार माणसांनी बघितला होता हा नकाशा, एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि डोळे पुसत त्यांनी सही केली. ओव्हरसियरनी चष्मा कपाळावर चढवला तो पुष्कळ वेळ खाली घेतला नाही. रावसाहेबांना हे कळले तेव्हा त्यांनी ती छत्रीच अण्णांकडे पाठवून दिली. आता ती तू धरणार नाहीस, मग इथे खुंटी कशाला अडवायची, असा निरोप होता. तो टोमणा होता की आशीर्वाद, यावर आमच्या घरी पुढे अनेक वर्षे वाद चालला. छत्री मी शाळेला नेत असे. ती धरायला फार जड होती.

घरे उन्हाळ्याच्या तोंडाशी पुरी झाली. राहायला माणसे येण्याआधी एकदा पाहून यावे म्हणून अण्णा आईला घेऊन गेले. तान्हुबाईही आली, आणि मीही. ओल्या चुन्याचा गार, आंबूस वास त्या खोल्यांतून भरला होता. आई पहिल्या घरात शिरली, कोनाड्यावरून हात फिरवला, खुंटी हलवून पाहिली, आणि सरळ मोरीपाशी जाऊन उकिडवी बसली. बरोबर आणलेल्या कळशीतून तिने तांब्या भरला. भिंतीपलीकडे दुसऱ्या घराच्या मोरीत तान्हुबाई जाऊन बसली होती. अण्णा मात्र पडवीच्या खालीच, उन्हात, कोटाच्या खिशांत हात घालून उभे होते. रिकाम्या खिशांत त्यांची बोटे काहीतरी शोधत होती.

आईने तांब्या ओतला. पाणी फरशीवर पसरले, चकाकले, क्षणभर जागीच थबकले, जणू नव्या घरात कुणाला तरी वाट विचारीत आहे. आणि मग कोपऱ्यातल्या भोकात शिरून खळखळत भिंतीच्या पोटातून खाली गेले.

"गेलं गं बाय तुजं पानी," पलीकडून तान्हुबाईचा आवाज घुमला. "आता माजं सोडते बग."

"काय गं?" अण्णांनी बाहेरून विचारले. "जातंय ना?"

आई मान तिरपी करून ऐकत होती. "जातंय," ती म्हणाली. "पण विचार करून जातंय. उतार बोटभर कमी पडलाय तुमचा."

 अण्णांनी पडवीच्या पायरीपाशी चपला काढल्या, दारातून आत आले, आणि पाणी ऐकायला तिच्या शेजारी बसले.